गॅरेजचं दार उघडं दिसतंय

३ मार्च

आक्का,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा हे बरं पडतं.

ही गेल्याला वर्ष झालं. त्या निमित्ताने चिमी दोन दिवस राहून गेली. मुलगी आहे, तिला काळजी वाटणारच. त्यात मागच्या महिन्यात एक प्रकार झाला. तो तुमच्या कानावर आला असेल, पण चिमीने सांगितलेला आणि प्रत्यक्ष झालेला यांत फरक आहे, म्हणून लिहितो.

मी गाडी चालू करायला गॅरेजमध्ये गेलो होतो. गाडी मला चालवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चालू करता येते. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून चालू करत जा, असं मेकॅनिक म्हणाला होता. तेव्हा शटर पूर्ण वर करून मी ती थोडा वेळ चालू ठेवतो आणि बंद करतो. त्या दिवशी गाडी बंद करून काचा पुसत होतो, तर वरची स्प्रिंग तुटली आणि शटर खाली आलं. एकट्याला ते उचलेना. आमच्या गॅरेजला घरातून दार नाही, त्यामुळे मी आत राहिलो. समोर राहणारे दाताचे डॉक्टर संध्याकाळी घराखालचा दवाखाना उघडायला आले, त्यांनी माझं ठोठावणं ऐकलं आणि चारजणांना बोलावून शटर उचललं. मधल्या वेळात मी टायर पुसले आणि गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक शेवटपर्यंत वाचलं. चिमीचा प्रश्न असा, की बाबा, गाडीत बसला होतात तर हॉर्न का नाही वाजवला? दुपारची वेळ होती. लोक झोपलेले असतात.

तिचं म्हणणं, हे घर बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. मागची खोली तिने रिकामी केली आहे. मला इथेच राहायचं आहे. कारण विचाराल तर धड सांगता येणार नाही, पण राहायचं आहे एवढं नक्की. शेवटी जावईबापूंनी मधला मार्ग काढला. शटरला फोनवर चालणारी मोटर बसवायची. दार उघडलं की चिमीच्या फोनवर कळणार, लागलं की कळणार. मे महिन्यापर्यंत पाहायचं. मी एकटा नीट राहतो असं दिसलं तर राहायचं. नाही दिसलं तर ती मे महिन्यात रजा घेऊन येणार आणि मला घेऊन जाणार.

वजनमापे खात्यात आयुष्य गेल्यामुळे कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी तोलायची सवय आहे. फायदे असे: वाकावं लागत नाही. दाराखाली कोणी आलं तर ते आपण होऊन थांबतं. दार लावलं की नाही अशी शंका आली तर अंथरुणातून पाहता येतं, आणि ही शंका मला रोज येते. धोके असे: वीज गेली तर काय, वायफाय गेलं तर काय, कंपनीच बुडाली तर काय. माझा फोन ज्याला सापडेल त्याला घरही सापडेल. आणि आपण कोणाच्या सांगण्यावरून उघडलो, हे दाराला कळत नाही. हाताने उचलायच्या शटरचा एक गुण असा, की ते उचलायला माणसाला समोर उभं राहावं लागतं.

ही रक्तपेढीतल्या कामावरून गाडी घेऊन परत आली की कोपऱ्यावरूनच हॉर्न द्यायची. मी जाऊन शटर उचलायचो आणि बाजूला उभा राहून 'येऊ दे, येऊ दे, बस' म्हणायचो. गाडीच्या बाबतीत माझं काम तेवढंच होतं. ते कुठल्या बाजूला धरावं, हे ठरत नाही. तुमचं मत कळवा.

आपला,
भाऊजी


११ मार्च

भाऊजी,

आशीर्वाद आहेतच. शटर पडलं आणि तुम्ही माहितीपुस्तक वाचत बसलात. म्हणजे आमची बारकी सांगायची ते खोटं नव्हतं. ती म्हणायची, आमच्याकडे आग लागली तर हे आधी शेजारी विचारून येतील, पाणी मारल्याचा आवाज चालेल ना?

मत विचारलंत म्हणून सांगते. मला ते यंत्र पसंत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी घराच्या दाराला असलंच काहीतरी लावलंय. बायको घरात, वकील कोर्टात आणि दार कोर्टातून उघडतंय. परवा ती केस विंचरत बसली होती, तर दार उघडून समोर कुरिअरवाला. वकील कुठूनसे त्याला फोनवर सांगताहेत, ठेवा आत, कोणी नाहीये. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ते हेच.

पण चिमीकडे जाऊन तरी तुम्ही काय करणार? पोरगी गुणाची आहे, घरही चांगलं आहे. मी राहिले आहे तिथे. सकाळी सगळे कामाला जातात आणि मागे राहिलेल्या माणसाने कशाला हात लावायचा नसतो. चमचा कुठल्या खणात ठेवायचा याचेही नियम आहेत. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी म्हणतात, इथे तर मोरीही आपली नाही. तेव्हा डोळे मिटून कडू औषध घेतात तसं ते यंत्र बसवून घ्या, मे महिन्यापर्यंत शहाण्यासारखे वागा आणि आपल्या घरात राहा.

आणि पारड्यांचं मला सांगू नका. तुम्हाला ते नको आहे ते विजेमुळेही नाही आणि वायफायमुळेही नाही. ते शटर दुसऱ्या कोणी उचलू नये, एवढंच आहे. बारकी गाडीत बसून राहायची, कधी उतरून उचललं नाही. मी एकदा विचारलं होतं, तुला हात नाहीत का गं? तर म्हणाली, "आहेत. पण त्या निमित्ताने दिवसातून एकदा तरी ते घराबाहेर येतात."

जेवण वेळेवर करा. उभ्याने खाणं म्हणजे जेवण नव्हे.

आक्का


२६ मार्च

आक्का,

नमस्कार. मोटर बसवली. दोघे आले होते, एक शिडीवर आणि एक शिडी धरून. शिडी धरणारा सगळं समजावून सांगत होता, वरचा काही बोलत नव्हता. मला वरचा पसंत पडला.

काम चांगलं झालं आहे. दार लागण्याआधी शिट्टी वाजते आणि एक बाई सांगते, की दार बंद होत आहे, कृपया दूर राहा. मी दूर राहतो. डॉक्टरांचा कुत्रा राहत नाही. दाराखाली कोणी आलं की ओळखणारा एक लाल दिवा आहे, तो त्याच्यासमोर येऊन बसतो, मग दार अर्ध्यात थांबून परत वर जातं, बाई पुन्हा पहिल्यापासून सांगते आणि कुत्रा पुन्हा पहिल्यापासून बसतो. परवा अर्धा तास हे चाललं होतं. शेवटी मीच त्याला बिस्किट दाखवून पलीकडे नेलं. म्हणजे हातांचं काम वाचलं ते पायांना लागलं.

चिमीचं असं झालं. पहिल्या दिवशी दार उघडून मी आत पाऊल टाकतो तोच तिचा फोन. बाबा, दार उघडलंत? हो. कुठे निघालात? कुठे नाही. मग उघडलंत कशाला? उघडतं का ते पाहायला. तिला उगाच त्रास नको म्हणून दुसऱ्या दिवशी उघडलंच नाही, तर संध्याकाळी पुन्हा फोन. बाबा, आज दार उघडलं नाही, बरं आहे ना? आता मी रोज एकदा उघडतो आणि एकदा लावतो, बरं असल्याची खूण म्हणून.

जावईबापूंनी सगळ्यांचे फोन एकाच नावाखाली जोडले आहेत, माझ्या. वेगवेगळी नावं केली की वेगवेगळे पासवर्ड होतात आणि मग सगळे त्यांनाच विचारतात, असं ते म्हणाले. त्यामुळे दार कोणीही उघडलं तरी मीच उघडलं असं लिहून येतं. हे फायद्यात धरावं की धोक्यात, पाहतो आहे.

वकिलांच्या मुलीकडून तुमच्याही फोनात हे घालून घेतलं, असं चिमी म्हणाली. आक्कांना ऐकू येत नसलं तरी दिसतं ना, त्यांचंही लक्ष राहील, असं तिचं म्हणणं. तुम्हाला त्रास होणार नसेल तर माझी हरकत नाही.

जेवण बसून करतो.

आपला,
भाऊजी


६ एप्रिल

भाऊजी,

हे काय चाललंय? गॅरेजचं दार तुम्ही रात्रभर सताड उघडं टाकता?

मी रोज सकाळी चहा झाला की बघते. एक दिवस, दोन दिवस वाटलं, विसरले असतील, माणूस आहे. पण आज आठवडा झाला, रोज उघडं. अंघोळ करून येऊन बघते तेव्हा बंद. म्हणजे मधल्या वेळात तुम्ही उठून गुपचूप लावत असणार. मला कोणी बघत नाही, अशी समजूत दिसते तुमची.

आत बारकीची गाडी आहे. तुमची हत्यारं आहेत. आजकाल लोक पायपुसणंसुद्धा सोडत नाहीत. आणि तुम्ही मला ते कंपनी बुडण्याचं लिहिता. कंपनी बुडेल तेव्हा बुडेल, रात्री झोपताना दार लावायला कंपनी लागत नाही.

मी डोळ्यांत तेल घालून आठ दिवस बघितलं आणि मगच चिमीला कळवलं. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तिथे राहावं असं मलाच वाटत होतं, पण उद्या काही झालं तर आक्काला माहीत होतं आणि आक्का गप्प बसली, असं व्हायला नको.

रात्री झोपताना दाराकडे एक चक्कर मारा. सवयीने होतं सगळं.

आक्का


१४ एप्रिल

आक्का,

नमस्कार. तुम्ही चिमीला कळवलंत त्याबद्दल राग नाही. पण मी रात्री दार लावतो. लावून खालची पट्टी हलवूनही पाहतो. तरी सकाळी ते उघडतं, हे मात्र खरं आहे. मी अंथरुणात असतो आणि शटर वर जायला लागल्याचा आवाज येतो. गॅरेज आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे, सगळ्या घराला कळतं. उठून, चष्मा शोधून, शर्ट घालून पोचेपर्यंत त्या बाईची सूचना सुरू झालेली असते आणि दार आपलं आपण लागतं. तुम्हाला पटणार नाही. चिमीलाही पटलं नाही.

शिडी धरणारा येऊन पाहून गेला. मोटर उत्तम आहे, म्हणाला. दार तुमच्याच नावाने उघडलं जातंय, म्हणजे तुमच्याच फोनवरून. मी त्याला सांगितलं की त्या वेळी फोन कपाटावर असतो आणि मी पांघरुणात. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची वाटली. खोटं वजन वापरणारे दुकानदार 'साहेब, मला माहीतच नव्हतं' म्हणायचे, तेव्हा मी त्यांच्याकडे तसंच पाहत असे.

डॉक्टरांना वाटतं, कोणी चोर दूर बसून रंगीत तालीम करतो आहे. रोज सकाळी दात घासत ते खिडकीत उभे राहतात, चोर दिसावा म्हणून. तुम्ही म्हणता दार रात्रभर उघडं असतं, फोन म्हणतो सकाळी उघडलं, मी म्हणतो मी उघडलंच नाही. तिघांत मीच खोटा ठरलो आहे.

चिमीचं मत झालं आहे, की मी दार उघडतो आणि विसरतो. आता ती रोज संध्याकाळी विचारते, बाबा, आज वार कोणता? मी सांगतो. मग ती विचारते, कॅलेंडर समोर आहे का? आहे, तिनेच लावलेलं. मग ते उत्तर धरत नाहीत. दहा मे रोजी ती मोठी बॅग घेऊन येणार. मागच्या खोलीला पडदे लावले, तिथल्या एका डॉक्टरांची वेळही घेतली आहे. म्हणजे माझं इथलं राहणं आता या एका दारावर येऊन थांबलं आहे.

एक विचारायचं होतं. तुम्ही सकाळी दार बघता म्हणजे नक्की कसं बघता? सविस्तर लिहावं.

आपला,
भाऊजी


२३ एप्रिल

भाऊजी,

कसं बघता म्हणजे? मी काय अडाणी आहे? वकिलांची मुलगी शिकवायला बसली होती, पण तिला फार घाई. मी म्हटलं, राहू दे, माझं मी बघेन. आणि जमलं मला.

सविस्तर हवंय ना, घ्या सविस्तर. चहाचा कप विसळून ठेवायचा, चष्मा लावायचा, फोन उघडायचा. दाराचं चित्र येतं. त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, ते मुंगीलासुद्धा वाचता येणार नाही. खाली एक मोठं गोल बटण असतं. ते दाबल्याशिवाय फोन काही बोलत नाही. दाबलं की ते गोल फिरायला लागतं. म्हणजे तो तिकडे तुमच्याकडे जाऊन बघून येतो. अंतर आहे, वेळ लागणारच. मग मोठ्या अक्षरांत येतं: उघडे. तेव्हा मी म्हणते, झालं, आजही उघडंच. अंघोळ करून येते, पुन्हा दाबते, पुन्हा फिरतं आणि येतं: बंद.

एकदा फोनचाच भरवसा वाटेना, म्हणून लागोपाठ पाच-सहा वेळा बघितलं. उघडे, बंद, उघडे, बंद. भाऊजी, त्या दिवशी सकाळी तुम्ही नक्की काय करत होतात?

चोर वगैरे काही नाही. चोर रोज वेळेवर येत नसतो. मी मन घट्ट करून लिहिते, तुम्ही चिमीकडे जा. चमचे काय, कळतील हळूहळू. माणसाचं लक्ष उडतं, त्यात लाज कसली. माझंही उडतं. बारकी सकाळी कामाला निघताना मला फोनवर एक ओळ पाठवायची. 'निघाले.' एवढीच. अजून त्या वेळेला माझा हात फोनकडे जातो. आता निदान हात गेला की बघायला तुमचं दार असतं, म्हणून मी कधी चुकवत नाही.

चिमी आली की मीही तिला हेच सांगणार आहे. माझ्यावर रागावू नका.

आक्का


२ मे

आक्का,

नमस्कार. पत्र वाचलं. दुसऱ्यांदाही वाचलं. तुम्ही लिहिलं आहे तसंच असणार. मी काळजी घेईन.

तुम्ही मात्र बघणं थांबवू नका. शक्य तर वेळही तीच ठेवा. एकामागोमाग पाच-सहा वेळा बघण्याची गरज नाही, एकदा चहानंतर आणि एकदा अंघोळीनंतर पुरे आहे. त्या दिवशी डॉक्टरांचा कुत्रा दारात होता. तेव्हापासून तो रस्ता ओलांडत नाही, त्यामुळे आता धोका असा कोणालाच नाही.

यंत्राच्या फायद्यांमध्ये एक लिहायचा राहिला होता. शटर वर जातं त्याचा आवाज होतो. हिची सकाळची पाळी असायची तेव्हा घराची सुरुवात त्याच आवाजाने व्हायची. मागचं वर्षभर मी उशिरा उठत होतो. लवकर उठून करण्यासारखं काही नव्हतं. हल्ली दार उघडलं की जाऊन पाहावं लागतं. बाहेर जायचं तर शर्ट लागतो, समोर डॉक्टर खिडकीत असतात म्हणून दाढीही लागते. मग चहा होतो. एकदा चहा झाला की पुढचा दिवस फारसा अडत नाही.

चिमी दहाला येते आहे. तिच्याशी काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. तुम्हाला तिला जे सांगायचं ते जरूर सांगा.

आपला,
भाऊजी


१७ मे

आक्का,

नमस्कार. चिमीने तुम्हाला सगळं लिहिलं, असं ती म्हणाली. तिने कुठल्या शब्दांत लिहिलं ते माहीत नाही, म्हणून जे झालं ते सांगतो.

ती आली ती थेट तपासणीलाच आल्यासारखी. माझा फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. म्हणाली, आता उद्या सकाळी बघू दार कसं उघडतं. तसं पाहणं बरोबरच होतं, मीही तेच केलं असतं. सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. पर्स तिच्या मांडीवर. माझे दोन्ही हात टेबलावर, तिने तसे ठेवायला सांगितले होते. आणि शटर वर जायला लागलं.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग पर्स उघडून पाहिली, मग कोपऱ्यातला झाडू घेऊन बाहेर धावली. समोरून डॉक्टर तोंडात ब्रश घेऊन धावत आले. दोघांनी मिळून गाडीच्या खालीसुद्धा पाहिलं. मी बसूनच होतो. ती परत आली तेव्हा तिच्या हातातला फोन सांगत होता, की दार बाबांनी उघडलं.

ती म्हणाली, तुम्ही तर इथे बसला होतात. मी म्हटलं, हो. मग कोणी उघडलं? मी काही बोललो नाही. पण ती माझी मुलगी आहे, मी गप्प बसण्याचे प्रकार तिला माहीत आहेत.

"बाबा, तुम्हाला ठाऊक आहे."

"आक्का आहेत," मी म्हटलं. "त्या बघतात."

सगळं सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसवेना. मी तिला असं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग हसायची थांबली आणि विचारलं, की हे मला केव्हापासून माहीत आहे. तुमचं सविस्तर पत्र आल्यापासून, असं मी सांगितलं. तेव्हा ती चिडली. मी तुमच्यासाठी पडदे शिवले, डॉक्टरांची वेळ घेतली, रात्र रात्र झोपले नाही, आणि तुम्हाला वेंधळं ठरवून इथून उचलून नेत होते, तरी तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?

मी म्हटलं, "बोललो असतो तर तू ते आक्कांच्या फोनमधून काढून टाकलं असतंस."

थोड्या वेळाने तुमची अंघोळ झाली असावी. शिट्टी वाजली, बाईने दूर राहायला सांगितलं आणि शटर खाली आलं. चिमीने विचारलं, हे असं रोज? मी म्हटलं, रोज. मग तिने आम्हा दोघांना पुन्हा चहा केला.

बॅग आली तशीच परत गेली. मी इथेच राहायचं ठरलं. मे महिन्यापर्यंत वगैरे नाही, राहायचं. जावईबापू आता प्रत्येकाला वेगळं नाव देणार आहेत, म्हणजे तुम्ही उघडलंत की 'आक्का' असं लिहून येईल.

पण चिमीचं पत्र तुम्हाला मिळालं असणार तेव्हापासून दार उघडलेलं नाही. बटण भिंतीवर आहे, माझ्या फोनातही आहे. काल सकाळी मी स्वतः दाबून पाहिलं. दार उघडलं, आवाजही तोच झाला. पण ते मी उघडलं होतं. मी परत जाऊन आडवा झालो.

तुमची हरकत नसेल तर पूर्वीसारखं बघत जावं, एवढंच लिहायचं होतं.

आपला,
भाऊजी


२५ मे

भाऊजी,

तुम्हाला काय म्हणू ते सुचत नाही. आठ दिवस फोन गाद्यांच्या कपाटात, सगळ्यात खाली ठेवला होता. काखेत कळसा आणि मी तुमच्या गावभर बोभाटा केला. वकिलांच्या मुलीला सांगितलं तर ती जिन्यातच बसली आणि पोट धरून हसली. तिने तिच्या आईला सांगितलं, आईने वकिलांना. वकील आता मला जिन्यात भेटले की नमस्कार करतात आणि विचारतात, आमचं दार उघडं आहे का हो? त्यांचं मी बघून घेईन.

पण तुमचं काय? सरळ एक ओळ लिहायची होती, आक्का, ते बटण बघायचं नाही, उघडायचं आहे. माझ्या बोलण्यावरून तुमचं घर सुटायची वेळ आली आणि तुम्ही लिहिता, 'तुम्ही लिहिलं आहे तसंच असणार.' वर वेळ तीच ठेवा म्हणून सांगता. मी ते पत्र काल पुन्हा काढून वाचलं. माझी समजूत मोडू नये म्हणून घर सोडायला निघाला होतात की काय? उत्तर लिहू नका. लिहिलंत तर मी फाडून टाकीन.

बारकीला तुमचा इतका राग का यायचा आणि तरी ती तुम्हाला सोडून माहेरी चार दिवसांवर का राहायची नाही, हे मला आता समजलं.

फोन कपाटातून काढला आहे. त्या मुलीने ती मुंगीची अक्षरं मोठी करून दिली, त्यामुळे आता न दाबताही दार उघडं की बंद ते दिसतं. तेव्हा सोमवारपासून असं ठरलं. चहा झाला की मी दाबणार, उघडण्यासाठीच दाबणार. पण नुसता आवाज ऐकून आत चहा पीत बसायचं नाही. दार उघडलं की तुम्ही चपला घालून बाहेर पडायचं आणि बाजारापर्यंत किंवा बागेपर्यंत, जिथे माणसं दिसतील तिथे जाऊन यायचं. गाडीची काळजी करू नका. ते दाताचे डॉक्टर तसेही खिडकीत उभेच असतात, त्यांना राखण करू दे. परत आलात की दार तुम्ही लावायचं. मी लावणार नाही.

आणि इथे 'बंद' दिसल्याशिवाय मी अंघोळीला जाणार नाही. पाणी गार होतं, तेव्हा वाटेत फार गप्पा मारत उभे राहू नका. थोड्या मारल्यात तर चालेल.

आक्का